बर्गंडीतले एक लहानसे रोमनेस्क चॅपेल: अर्धा दिवस द्यावा का?

प्रश्न: दिंडोरीचा बागायतदार

नमस्कार. दिंडोरी तालुक्यात माझी द्राक्षबाग आहे. थोरली मुलगी फ्रान्समध्ये लिऑनला शिकायला असल्यामुळे येत्या सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, म्हणजे आमची ऑक्टोबर छाटणी तोंडावर येण्याआधी, मी, पत्नी आणि आई असे तिघे तिच्याकडे जाणार आहोत. त्याच सुमारास लिऑनच्या उत्तरेकडे, बर्गंडी प्रांतातल्या माकों भागात द्राक्षांची काढणी चालू असते, त्यामुळे माझा मुख्य उद्देश तिथल्या बागा पाहण्याचा आहे आणि त्याबद्दल मला काही विचारायचे नाही.

विचारायचे आहे ते वेगळेच. मुलीने कार्यक्रमात माकोंहून बारा-तेरा किलोमीटरवरच्या बेर्झे-ला-व्हील या खेड्यातले एक चॅपेल, म्हणजे लहानसे ख्रिस्ती प्रार्थनामंदिर, घातले आहे. ते बाराव्या शतकाच्या आरंभीचे, रोमनेस्क शैलीचे (म्हणजे गोल कमानी आणि जाड भिंतींच्या जुन्या युरोपीय शैलीचे), आणि भिंतीवरील चित्रांसाठी प्रसिद्ध आहे असे ती सांगते. तिने पाठवलेल्या छायाचित्रांत मला बाहेरून एक साधी दगडी इमारत दिसली. आमच्या गावातल्या जुन्या वाड्याची मागची भिंत याहून रुबाबदार असेल. जाणून घ्यायचे आहे ते असे की, ज्या माणसाने पांडवलेणी आणि सिन्नरचे गोंदेश्वर लहानपणापासून पाहिले आहे, त्याने एवढ्याशा वास्तूसाठी अर्धा दिवस द्यावा का, आणि दिला तर तिथे नेमके काय पाहावे? शिवाय आई पंचाहत्तरीची आहे. देवस्थानात पायात जोडे घालून जाणे तिला पटत नाही. तिकडची रीत काय असते?

उत्तर: गंगापूर रोड

मी कामानिमित्त तीन वर्षे त्या भागात राहिलो आहे आणि बेर्झेला दोनदा गेलो आहे. अर्धा दिवस अवश्य द्या, पण आपण काय पाहायला चाललो आहोत हे आधी ठाऊक असले पाहिजे, नाही तर तुम्ही दहा मिनिटांत बाहेर याल.

हे गावकऱ्यांचे साधे प्रार्थनाघर नव्हते. तिथून बारा किलोमीटरवर क्लुनी आहे. 910 साली स्थापन झालेला तिथला मठ मध्ययुगीन युरोपात अत्यंत प्रभावी होता आणि त्याच्या आज्ञेतील मठ दूरदूरच्या देशांत पसरलेले होते. 1049 ते 1109 अशी साठ वर्षे तिथे ह्यू नावाचे मठाधिपती होते. बेर्झे ही क्लुनीच्या मालकीची शेतवाडी होती आणि वृद्धापकाळात ह्यू तिथे विसाव्याला येऊन राहत. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या संस्थानाच्या महंतांनी गजबज टाळण्यासाठी मळ्यावर छोटे देवघर बांधून घ्यावे आणि ते रंगवायला मात्र पट्टीचे चित्रकार बोलवावेत, असा काहीसा तो प्रकार आहे. त्यामुळे वास्तू लहान आणि चित्रे मात्र थेट राजेशाही.

ह्यू यांनीच 1088 साली क्लुनीत जे भव्य चर्च बांधायला घेतले, ते पूर्ण झाल्यावर 187 मीटर लांब होते आणि रोममधले आजचे सेंट पीटर उभे राहीपर्यंत ख्रिस्ती जगात त्याहून मोठे चर्च नव्हते. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर ते विकले गेले, विकत घेणाऱ्यांनी ते दगडाच्या खाणीसारखे वापरले, आणि आज त्याचा एक बाहू, त्यावरचा मनोरा आणि थोडे अवशेष एवढेच उभे आहे. म्हणजे ज्या भिंतींवर त्या काळची सर्वांत मोठी चित्रे असणार त्या भिंतीच उरल्या नाहीत, आणि मळ्यावरचे देवघर मात्र राहिले. बेर्झेचे मोल आहे ते यामुळे.

ते राहिले याचे श्रेय चुन्याला दिले पाहिजे. केव्हा तरी कोणी तरी चित्रांवर सफेदी मारली आणि ती तशीच झाकलेली राहिली. 1887 साली तिथल्या धर्मगुरूंना त्या चुन्याखाली रंग दिसले. पुढे 1947 साली जोन इव्हान्स या इंग्रज इतिहासकार बाईंनी ती वास्तू विकत घेतली आणि माकोंच्या अकादमीला देऊन टाकली.

आता पाहायचे कसे, ते सांगतो. वरच्या चॅपेलमध्ये शिरल्यावर लगेच मोबाईल काढू नका. सप्टेंबरचे ऊन डोळ्यांत असते आणि आत प्रकाश बेताचाच असतो. बाकावर बसून चार-पाच मिनिटे काहीही न करता थांबलात, की समोरच्या अर्धगोल भिंतीचा निळा रंग हळूहळू वर येऊ लागतो. आधी निळे दिसते, मग पिवळसर कडा, मग एकदम ख्रिस्ताचा चेहरा, जो इतका वेळ तुमच्याकडेच पाहत असतो. पहिल्या भेटीत मी हे घालवले, कारण शिरल्या शिरल्या कॅमेऱ्याच्या पडद्याकडे पाहत बसलो होतो. दुसऱ्या वेळी बॅटरी संपली होती म्हणून चित्रे नीट दिसली.

एक व्यवहाराची गोष्ट. ते चॅपेल हिवाळ्यात बंद असते. सप्टेंबरमध्ये तशी अडचण नाही, पण वेळा मुलीला आधी तपासायला सांगा. फ्रान्सच्या खेड्यांत दुपारच्या जेवणाला कुलूप लागते, हे मी एकदा दुसऱ्याच एका गावी चांगले अनुभवले आहे. पावणेबाराला पोहोचलो, बाराला दार बंद झाले, आणि दोन वाजेपर्यंत समोरच्या कट्ट्यावर बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. चूक माझीच होती, आणि दशम्या होत्या म्हणून तिची फार झळ बसली नाही.

उत्तर: सिन्नरकर

मी स्थापत्य अभियंता आहे, आता निवृत्त. वरील उत्तरात चित्रांविषयी जे लिहिले आहे ते योग्यच आहे, मात्र केवळ चित्रांसाठी जाणार असाल तर निम्मेच पाहाल. प्रश्नकर्त्यांनी पांडवलेणी आणि गोंदेश्वर यांचा उल्लेख केला आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

पांडवलेण्यांतले अठरा क्रमांकाचे चैत्यगृह आठवा. लांबट दालन, दोन्ही बाजूंना खांबांची रांग, टोकाला अर्धवर्तुळाकार शेवट आणि तिथे स्तूप, वर अर्ध्या पिंपासारखे छत. कागदावर नकाशा काढला तर रोमनेस्क चर्चशी त्याचे साम्य पाहून नवल वाटेल. तिथेही लांबट दालन, टोकाला अर्धगोल गाभारा, वर पिंपासारखे छत. परंतु आपल्या कारागिरांनी डोंगर आतून कोरला, त्यामुळे त्या छताला कोणावर भार टाकायचाच नव्हता. कातळ कातळाला धरून आहे. तिकडे मात्र सुटे दगड पाचरीसारखे घडवून, खाली लाकडी ढुला, म्हणजे तात्पुरता साचा, उभा करून, त्यावर कमान रचत जायचे आणि माथ्यावरचा कळीचा दगड बसल्यावर ढुला काढून घ्यायचा, अशी रीत होती. ढुला निघाला की छत खाली दाबते तसेच दोन्ही भिंतींना बाहेरही लोटते, आणि हे लोटणे इमारत उभी आहे तोवर थांबत नाही.

गोंदेश्वराच्या मंडपात उभे राहून वर पाहा. तिथे दगडांची वर्तुळे एकावर एक आत सरकत गेली आहेत, प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा पुढे. या रचनेत भार जवळजवळ सरळ खाली खांबांवर उतरतो आणि बाहेर लोटणे नगण्य असते. म्हणून आपल्या मंडपाला बाजूंनी उघडे राहणे परवडते, खांबांच्या मधून वारा खेळतो. रोमनेस्क बांधणाऱ्याला ती चैन नव्हती. लोटणाऱ्या छतासमोर त्याने भिंत जाड केली, खिडक्या लहान आणि मोजक्या ठेवल्या, बाहेरून टेकूसारख्या आधारभिंती दिल्या. तिथला काळोख हा बऱ्याच अंशी या हिशेबातून आलेला आहे; भक्तीसाठी मुद्दाम योजलेला असावा असे लोक समजतात, ते पूर्णपणे खरे नाही. अर्थात एकदा काळोख पदरी पडल्यावर त्याचा उपयोग कसा करायचा हे त्यांना उत्तम कळले होते.

यासाठी माझी सूचना अशी की, बेर्झेहून निघाल्यावर शापेझ या गावालाही जा. तिथले सेंट मार्टिनचे चर्च अकराव्या शतकातले आहे. आत गेल्यावर मधल्या खांबांकडे नीट पाहा, ते बाहेरच्या बाजूला कललेले आहेत. मूळचे गोल छत टिकले नाही आणि बाराव्या शतकात त्याच्या जागी किंचित टोकदार कमानीचे छत घातले गेले, कारण टोकदार कमान भिंतींना कमी लोटते. पुढे रोमनेस्कनंतर आलेल्या गॉथिक शैलीने याच युक्तीचे केवढे मोठे प्रकरण केले! मी तिथे खिशातून ओळंबा काढला तेव्हा माझी पत्नी लाजेने बाहेर निघून गेली. ओळंबा खांबापासून किती सुटला हे पाहताना मला जो आनंद झाला तो मला कोणत्याही चित्राने दिलेला नाही.

आणखी एका छोट्या चॅपेलमध्ये, जिथे चित्रे नव्हती, मी खिडकीच्या कोनाड्यात हात घालून पाहिला. खांद्यापर्यंत हात गेला तरी बोटे बाहेरच्या कडेला पोहोचली नाहीत. खिडकी आतल्या बाजूला रुंद आणि बाहेर अरुंद असते, म्हणजे थोडासा प्रकाशही आत पसरतो. हे पाहायला कोणी सांगत नाही, म्हणून लिहिले.

जाता जाता शब्दाबद्दल. ‘रोमनेस्क’ हे नाव त्या काळच्या गवंड्यांना ठाऊकच नव्हते. फ्रेंचमधील त्याचा मूळ शब्द 1818 साली द जेर्व्हिल या अभ्यासकाने सुचवला, कारण त्यातल्या गोल कमानी जुन्या रोमन कमानींची आठवण करून देतात. आपल्याकडे ‘हेमाडपंती’चे असेच झाले. हेमाद्री हे तेराव्या शतकातले यादवांचे मंत्री, पण काळ्या दगडाचे कोणतेही जुने मंदिर दिसले की लोक त्याला हेमाडपंती म्हणून मोकळे होतात, मग ते हेमाद्रींच्या आधीचे का असेना. आमच्या गोंदेश्वरालाही हे नाव चिकटवणारे रोज भेटतात.

उत्तर: शरणपूर

आम्ही पिढ्यान्‌पिढ्या नाशिकचे ख्रिस्ती, त्यामुळे आईंच्या प्रश्नाचे उत्तर मी देते.

जोडे काढण्याची तिथे रीत नाही, कोणी काढायला सांगणारही नाही. पुरुषांनी टोपी काढायची असते. स्त्रियांना तसे बंधन नाही, आणि आईंनी डोक्यावर पदर घेतला तर उलट वयस्कर मंडळींना ते आदराचेच वाटेल. त्यांना जोडे काढल्याशिवाय राहवतच नसेल तर काढू द्या, कोणी हरकत घेणार नाही. मात्र दगडी फरशी सप्टेंबरमध्येही गार असते, तेव्हा जाड मोजे जवळ ठेवा. आमच्याकडेही अगदी जुन्या लोकांना उपासनेच्या वेळी वहाणा बाहेर काढताना मी लहानपणी पाहिले आहे, त्यामुळे त्यांचा संकोच मला परका वाटत नाही. बेर्झे आता पाहण्यासाठी तिकीट काढून जायची वास्तू आहे, पण शापेझसारख्या ठिकाणी उपासना चालू असेल तर मागच्या बाकावर बसून राहावे आणि संपेपर्यंत फिरू नये. दारात शिरताना मोठ्याने बोलू नये आणि फ्लॅश वापरू नये, हे सांगायला नकोच.

आता चित्रांबद्दल, कारण ती ओळखता आली नाहीत तर आईंना कंटाळा येईल. मध्यभागी बदामाच्या आकाराच्या तेजोवलयात ख्रिस्त बसलेला आहे आणि दोन्ही बाजूंना प्रेषित, म्हणजे त्याचे पट्टशिष्य, आहेत. तो एका प्रेषिताच्या हाती लेखाची गुंडाळी देतो आहे; ज्याच्याजवळ किल्ल्या आहेत तो पेत्र. क्लुनीचा मठ पेत्र आणि पौल यांना वाहिलेला होता आणि कोणत्याही स्थानिक सरदाराच्या किंवा बिशपच्या ताब्यात नसून थेट रोमच्या छत्राखाली होता. रोमचे पोप स्वतःला पेत्राचे उत्तराधिकारी मानतात. तेव्हा हे चित्र भक्तीचे तर आहेच, शिवाय आमचा अधिकार कुठून आला हे सांगणारी ती भिंतीवर लावलेली सनद आहे, असे मला वाटते. सातवाहन आणि क्षत्रपांनी पांडवलेण्यांच्या भिंतींवर दाने कोरून ठेवली, त्यातलाच हा प्रकार, फक्त अक्षरांऐवजी रंगांत.

बाजूच्या भिंतींवर दोन रक्तसाक्षींच्या, म्हणजे श्रद्धेसाठी प्राण दिलेल्या संतांच्या, कथा आहेत. एकीकडे संत ब्लेझ यांचा शिरच्छेद. दुसरीकडे एका तरुणाला विस्तवावरच्या लोखंडी जाळीवर निजवले आहे. काही जुन्या पुस्तकांत तुम्हाला हे संत लॉरेन्स असल्याचे वाचायला मिळेल, कारण जाळीवरचा मृत्यू म्हटला की तेच नाव आधी आठवते. पण आता हे संत व्हिन्सेंट मानले जातात. ते स्पेनमधल्या सारागोसाचे डीकन, म्हणजे बिशपचे साहाय्यक, 304 च्या सुमारास व्हॅलेन्सियात मारले गेले.

आणि इथे तुम्हाला, एक बागायतदार म्हणून, थांबावेच लागेल. संत व्हिन्सेंट हे फ्रान्समधल्या द्राक्ष बागायतदारांचे पालक संत आहेत. 22 जानेवारीला त्यांचा सण असतो, आणि बर्गंडीत 1938 पासून दर वर्षी वेगवेगळ्या गावी त्यांच्या मूर्तींची मिरवणूक निघते. ते द्राक्षांचे संत कसे झाले याबद्दल बरीच मते आहेत. सर्वांत सोपे असे की त्यांच्या नावाचा आरंभच फ्रेंच भाषेतल्या वाइनच्या शब्दाने होतो. जानेवारीच्या थंडीत तिकडे वेली निष्पर्ण असतात आणि छाटणीचे दिवस असतात, तर तेव्हा तुमच्या बागेत घड साखर धरत असतात.

उत्तर: गंगापूर रोड

शरणपूरच्या ताईंनी व्हिन्सेंटबद्दल लिहिले ते मला दोन भेटींत कोणी सांगितले नव्हते. त्या भिंतीसमोर उभा राहून मी लॉरेन्स म्हणून फोटोखाली नाव लिहिले आहे, ते आज दुरुस्त करतो.

सिन्नरकरांच्या सूचनेला मात्र माझी एक पुस्ती आहे. बेर्झे आणि शापेझ एकाच दिवशी करायला हरकत नाही, पण पंचाहत्तरीच्या आईंना घेऊन त्यात क्लुनी घालू नका. क्लुनीत आता जे उरले आहे ते पाहायला कल्पनाशक्ती आणि पाय दोन्ही लागतात. तिथे जायचेच असेल तर वेगळ्या दिवशी जा आणि धान्यकोठाराच्या इमारतीत मांडलेली जुन्या गाभाऱ्याच्या खांबांची कोरीव शीर्षे तेवढी शांतपणे पाहा. ब्रांसियों हे टेकडीवरचे गावही सुंदर आहे, बाराव्या शतकातले चर्च, वर दगडी पाट्यांचे छप्पर आणि खाली सगळी दरी. पण गाडी गावाबाहेर ठेवून चढावर चालावे लागते.

प्रश्नकर्ता: दिंडोरीचा बागायतदार

सर्वांचे मनापासून आभार. बेर्झे आणि शापेझ असा एक पूर्ण दिवस ठरवला आहे, बागांची भेट दुसऱ्या दिवशी ढकलली. क्लुनी मी आणि मुलगी दोघेच करू.

सिन्नरकरांचे उत्तर वाचून परवा रविवारी आईला गोंदेश्वरला घेऊन गेलो. इतक्या वेळा गेलो आहे, पण मंडपात मान वर करून उभे राहायचे कधी सुचले नव्हते. आम्हा दोघांना पाहून तिथे आलेली एक शाळेची सहलही वर पाहू लागली. छताचे थर आत कसे सरकत जातात हे आईला दाखवले आणि फ्रान्समध्ये असे नसून कमान कशी असते ते दोन्ही हातांची बोटे एकमेकांना टेकवून समजावले. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले की, गाभारा तो टोकाचा अर्धगोल भाग असेल तर त्याच्यावर शिखर का नाही? मला उत्तर देता आले नाही. सिन्नरकर, आपण सांगू शकाल का?

उत्तर: सिन्नरकर

आईंना माझा नमस्कार सांगा. प्रश्न अगदी मुळाशी जाणारा आहे.

आपले शिखर गाभाऱ्यातल्या देवाच्या बरोबर माथ्यावर उभे राहते, कारण देव तिथे राहतो आणि ते त्याच्या घराचे दुरून दिसणारे चिन्ह असते. तिकडचा उंच भाग हा घंटांचा मनोरा. त्याचे काम हाक मारण्याचे, शेतात विखुरलेल्या माणसांना उपासनेची वेळ कळवण्याचे, म्हणून तो गाभाऱ्यावरच हवा असे बंधन नाही. काही ठिकाणी तो दाराजवळ असतो, काही ठिकाणी इमारतीपासून सुटाही असतो. शापेझला तो गाभाऱ्याच्या अलीकडे, जिथे दालनाला दोन बाजूंचे बाहू छेदतात त्या चौकावर आहे, आणि सुमारे पस्तीस मीटर उंच आहे. अर्धगोल गाभारा मात्र त्याच्या पायाशी, बुटक्या छपराखाली असतो. आईंना चर्चच्या मागच्या बाजूने फिरवून आणा, म्हणजे दोन्ही एकाच नजरेत येतील. वाट सपाट आहे.